पवनेच्या पाण्यात उतरण्यापूर्वी

मावळात पवना धरणाच्या काठी तंबूत मुक्कामाला जाणाऱ्यांना भीती वाटते ती मधल्या खोल पाण्याची. खरे तर जपावे लागते ते काठालाच. हा जलाशय म्हणजे बुडालेले नदीचे खोरे आहे. जुन्या शेतांचे बांध आणि झाडांची खोडे पाण्याखाली असू शकतात. त्यामुळे पाणी घोट्याएवढे, मग गुडघ्याएवढे लागते आणि बांध संपला की पुढच्याच पावलाला गळ्यापर्यंत येते. पोहता न येणारा माणूस नेमका येथे फसतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत मऊ असतो. त्यात पाय रुतल्यास उभे राहून झटापट करू नये. मागे रेलून अंगाचा भार पसरावा आणि एकेक पाय सावकाश सोडवावा.

पोहण्यास मनाई असल्याचा फलक असेल, तर विषय तेथेच संपतो. पावसाळ्यात तसेच धरणाची भिंत आणि सांडव्याच्या आसपास तर कधीच उतरू नये. परवानगी असलेल्या जागीही गावकऱ्यांना तळाची माहिती विचारावी. पाणी गढूळ असल्याने सूर मारू नये, काठीने चाचपत चालत आत जावे.

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांचा आत्मविश्वास दांडगा असतो, पण विहिरीत चार हात मारले की भिंत हाती लागते, येथे ती नाही. म्हणून काठाला समांतर पोहावे आणि दमल्यावर उभे राहता येईल एवढ्याच अंतरावर राहावे. सहा-आठ हातांनंतर डोके वर काढून तुंग किंवा तिकोना किल्ल्यासारखी एखादी ठळक खूण पाहावी, नाहीतर दिशा भरकटते. कमरेला दोरीने बांधलेला भडक रंगाचा फुगा नावाड्यांना लांबून दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गार पाण्यात एकदम शिरल्यास धाप लागते. तेव्हा पाठीवर तरंगत श्वास स्थिर होऊ द्यावा. नावेत बसताना जीवरक्षक जाकीट मांडीवर ठेवू नये, पट्टे आवळून अंगात घालावे. दारू प्यायलेल्याला पाण्याजवळही जाऊ देऊ नये.

कोणी बुडत असल्यास त्याच्यामागे उडी घेऊ नये, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. बांबू किंवा ओढणी त्याच्यापुढे करावी, किंवा दोरी बांधलेला, झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन त्याच्याकडे फेकावा. त्यासाठी असा कॅन तंबूऐवजी पाण्याच्या कडेलाच तयार ठेवलेला बरा. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असल्यास पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. आधी तोंडाने श्वास द्यावा, मग ३० वेळा छाती दाबून २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. तो खोकून उठून बसला, तरीही त्याला रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.