लहान फ्लॅटच्या आराखड्यातील या चुका टाळा

कोल्हापुरात कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, उचगाव या भागांत कमी किमतीचे फ्लॅट अनेक कुटुंबांचे पहिले घर ठरतात. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी आर्थिक दुर्बल घटकांच्या घराचे चटई क्षेत्र (कार्पेट एरिया, म्हणजे घरातली वापरायची जागा) 30 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे 323 चौरस फूट धरले गेले. एवढ्या जागेत साधी फरशी आणि साधा रंग चालून जातो, पण चुकीच्या ठिकाणी काढलेला दरवाजा घरातल्यांना रोज जाचतो. म्हणून नकाशावर वेळ घालवणे हीच खरी बचत आहे.

नकाशा रिकामा वाचणे ही सर्वांत मोठी चूक होय. 10 बाय 9 फुटांच्या खोलीत 10 फुटांच्या दिशेने सव्वासहा फुटी पलंग टाकला आणि समोरच्या भिंतीला 2 फूट खोल कपाट लावले, की मध्ये पावणेदोन फूट उरतात, आणि तेवढ्यात कपाटाचे दार उघडून नीट उभे राहता येत नाही. सामान मापाने नकाशावर काढून पाहावे. दरवाजा भिंतीच्या मधोमध न ठेवता कोपऱ्याकडे सरकवला, तर सलग भिंत मोकळी मिळते. कपाटाला सरकती दारे लावल्यासही अडचण बरीच कमी होते. दोन फ्लॅटची तुलना रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यातील चटई क्षेत्रावरच करावी, कारण त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी मात्र धरत नाहीत.

स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडास तीन टोकांना विखुरले, की पाइप लांबतात आणि गळतीच्या जागा वाढतात. ती एकाच डक्टभोवती, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेभोवती घ्यावीत आणि प्लंबर आत शिरू शकेल एवढी डक्ट ठेवावी. छतावर डाग दिसल्यास वरच्या बाथरूमची नहाणी जाळी घट्ट बंद करून किमान 24 तास पाणी साठवून ठेवावे. डाग वाढला तर वॉटरप्रूफिंग संशयास्पद आहे. वाढला नाही तर आधी पाइपचे जोड तपासावेत.

आपल्याकडचा पाऊस मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो, तरीही खर्च वाचवण्यासाठी त्याच बाजूचे छज्जे कापले जातात, याचे वाईट वाटते. खिडकीखाली ओल आली की आतून पुट्टी मारून उपयोग होत नाही. खिडकीच्या खालच्या दगडाला बाहेर उतार आहे का, चौकटीची फट भरली आहे का आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच आहे का, हे पाहावे. बाल्कनी काचा लावून पूर्ण बंद करू नये. जून ते सप्टेंबर कपडे वाळायला वारा खेळणारी तीच जागा असते.

उन्हाळ्यात वर्षाच्या कांदा-लसूण चटणीसाठी मिरच्या भाजल्या जातात. एक्झॉस्ट पंखा अरुंद डक्टमध्ये सोडला, तर तो ठसका वरच्या घरात जातो. त्यामुळे पंख्याचे तोंड मोकळ्या हवेत असावे.

2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी आलेल्या भागांत इमारत असेल, तर विजेचे मीटर, पंपाचा स्विचबोर्ड आणि लिफ्टचे पॅनेल तळमजल्याच्या पार्किंगमध्ये न ठेवता पूररेषेच्या वर बसवून घ्यावेत, आणि ही मागणी बुकिंगपूर्वीच लेखी करावी.