जुन्या गाड्यांचे कार्यक्रम बघायचे तर कसे बघावेत

आधी आवाज बंद करा. जुनी गाडी खोलून पुन्हा उभी करण्याचा कुठलाही कार्यक्रम लागला की माझा पहिला नियम हाच. ढणढणतं संगीत, 'शनिवारपर्यंत गाडी झाली नाही तर काही खरं नाही' ही ओरड, सगळं गप्प केलं की पडद्यावर उरतात फक्त हात. ते काम करतायत, की नुसता पाना धरून उभे आहेत, हे लगेच कळतं. माझी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बसच्या बॉडीचा पत्रा ठोकण्यात गेली, म्हणून माझी नजर तिकडे जाते असं समजू नका. घरातली पोरंसुद्धा आता सांगतात, "आबा, इथं मधलं काम उडवलं बघा."

दुसरं, जाहिरातीच्या आधीची आणि नंतरची गाडी ताडून बघा. आधी दाराखालची पट्टी गंजून चाळण झालेली असते. जाहिरात संपते तेव्हा तिच्यावर प्रायमर मारलेला असतो. खरं काम या दोन दृश्यांच्या मधे आहे. सडलेला पत्रा चांगला लागेपर्यंत कापायचा, नवा तुकडा वाकवून बसवायचा, आधी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे सुटे ठिपके, मारायचे, पत्रा तापून वेडावाकडा होऊ नये म्हणून थांबत थांबत वेल्डिंग करायचं, ग्राइंड करायचं, मग पातळशी लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, आणि मग घासाई. घासाई तर कुणीच दाखवत नाही. रंग कसा उठणार ते तिथंच ठरतं, पण माणूस दिवसभर पॉलिश पेपर घेऊन पत्रा घासतोय हे बघायला कोण बसणार? मी बसेन, पण माझ्या एकट्यावर चॅनल चालत नाही.

'व्हीलर डीलर्स'वरून प्रेक्षकांत जो वाद आहे, त्याचं मूळ इथंच आहे. 2003 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम. माइक ब्रूअर गाडी हेरून घासाघीस करून घेणार आणि नारिंगी हातमोजे घातलेला उंचापुरा एड चायना ती दुरुस्त करणार. 2017 मध्ये एड बाहेर पडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की वर्कशॉपमधलं चित्रण सगळ्यात अवघड, आणि ते कमी करायचं घाटत होतं. त्याच्या जागी अँट अँस्टेड आला. 'एड गेला आणि कार्यक्रम संपला' म्हणणारे तेव्हापासून आजतागायत आहेत. माझं मत विचाराल तर अँट कारागीर म्हणून कमी नाही, पण एड बोल्ट सोडवतानासुद्धा तो का सोडवतोय हे सांगायचा.

म्हणून कुणी एखाद्या कार्यक्रमाला नावं ठेवली की एकच प्रश्न विचारा: कुठल्या गाडीचं कुठलं काम बघून असं वाटलं? ज्याला काम आठवतं त्याचं मत धरा. ज्याला घासाघीसच आवडते त्याचंही चुकत नाही, तो बाजार बघतोय, आपण वर्कशॉप.

तिसरं, शेवटचा हिशेब कागदावर पुन्हा मांडा. 'व्हीलर डीलर्स'मध्ये विक्रीच्या किमतीतून खरेदीची किंमत आणि सुट्या भागांचा खर्च वजा केला की झाला नफा. त्यात एडची मजुरीच नाही! समजा पत्रा, इंजिन आणि रंग मिळून 100 तास लागले. तुमच्या गावातल्या गॅरेजचा दर त्याला लावा आणि नफा उरतो का बघा. कॅनडातल्या 'रस्ट व्हॅली रिस्टोरर्स'चा माइक हॉल मला त्यापेक्षा खरा वाटतो. बापड्याकडे चारशेच्या वर जुन्या गाड्या; विकायच्या म्हणतो, पण जीव सुटत नाही. त्याचा हिशेब बरेचदा जुळत नाही, आणि तेही दाखवतात.

मुदतीचं नाटक बघून मात्र कुणी गॅरेजवाल्याशी भांडू नका. 'ओव्हरहॉलिन' मध्ये चिप फूस मालकाच्या नकळत गाडी पळवून आठवड्यात नवी करतो. तिथं मोठा ताफा रात्रंदिवस राबतो, भाग आधीच मागवलेले असतात. आपल्याकडे क्रोम प्लेटिंगवाला 'परवा या' म्हणतो, तो परवा कधी उजाडेल ते त्यालाही ठाऊक नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बघायला बसण्यापूर्वी विचारा, हे लोक गाडी होती तशी करतायत की नवी घडवतायत? 'ग्रेव्हयार्ड कार्झ'चा मार्क वॉर्मन कारखान्यातून गाडी निघताना तिच्यावर ज्या खुणा होत्या त्याही परत उमटवतो. याउलट 'बिचिन राइड्स'मधला सॉल्ट लेक सिटीचा डेव्ह किंडिग दाराच्या मुठीसुद्धा बदलून पत्र्यात सपाट बसवतो. दोघंही तरबेज, पण दोघांना एका मापाने मोजलं की भांडण ठरलेलं.

माझ्या पुतण्यानं 1973 ची फियाट घेतली, स्टिअरिंगवर गिअर असलेली. किंडिग बघून त्याला तिची बॉडी खाली घ्यायची होती, इंजिनही बदलायचं होतं. मी त्याला 2021 चा नियम दाखवला. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, जुना नंबर ठेवता येतो आणि नव्यानं नोंदणी असेल तर 'व्हीए' मालिकेचा मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. शिवाय अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. आता तो वॉर्मनचे एपिसोड बघतो.

'कार एसओएस' बघताना आवाज चालू ठेवलात तरी चालेल. आजारपणानं किंवा अडचणीनं ज्याची गाडी शेडमध्ये पडून राहिली, त्याच्या घरचे ती गुपचूप सोपवतात. टिम शॉची थट्टामस्करी मला जास्त होते, तेवढी पुढे ढकला. फझ टाउनशेंड मात्र गंज दाखवताना लपवाछपवी करत नाही, स्क्रूड्रायव्हर आरपार घालून दाखवतो.

तेच बघून कुणी गाडी घ्यायला निघाला असाल तर खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून. दाराखाली आणि चाकांच्या कमानीवर लावा. जिथं चिकटत नाही तिथं रंगाखाली लांबीचा थर जाड आहे. मग पत्रा नवा टाकायला किती लागतील ते विचारून घ्या आणि तेवढे किमतीतून कापा.