गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला घरी हात लावताना या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागला की मोबाइलला जोडलेल्या ब्लूटूथ स्कॅनरवर बिघाडाचा कोड पाहायचा आणि लगेच ‘क्लिअर’ दाबायचे, ही घरच्या घरी होणारी सर्वांत महागडी चूक आहे. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणी असलेला इंजिनचा वेग, तापमान आणि भार यांची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, आणि मग जाणकार मेकॅनिकलाही अंधारात चाचपडावे लागते. आधी स्क्रीनशॉट घ्यावा.

कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ हा कोड एवढेच सांगतो की हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. तो पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. दोष मात्र पुष्कळदा इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, तडकलेल्या रबरी नळीत किंवा मळलेल्या एअरफ्लो सेन्सरमध्ये निघतो.

स्टिअरिंग, एबीएस आणि इंजिन असे तीन दिवे एकदम लागले, तर सॉफ्टवेअरवर संशय घेण्यापूर्वी व्होल्टेज आणि रोध मोजणारा मल्टिमीटर काढावा. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीत नेमके असेच झाले आणि दोन रविवार मी स्कॅनरशी झटत राहिलो. शेवटी बॅटरीच्या ट्रेखाली अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या बोल्टवर पांढरट-हिरवी पूड साचलेली दिसली. तो पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळताच तिन्ही दिवे गेले. बंद गाडीत चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिनची धातूची बॉडी यांच्यात अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंग तपासावे.

कॅन बसच्या, म्हणजे गाडीतले संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या पिळलेल्या वायरींच्या जोडीवर टेस्ट लॅम्प लावू नये आणि त्यातून हॉर्न किंवा कॅमेऱ्यासाठी जोड काढू नये. बॅटरी सोडवून ओबीडी पोर्टच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम रोध मिळतो. १२० मिळाला, तर बसच्या दोन टोकांपैकी एकाकडचा रोधक किंवा वायर तुटलेली असते.

ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, सॉफ्टवेअरची नवी फाइल भरायची असेल, तर मूळ फाइल आधी जपून ठेवावी आणि बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय जोडावा, कारण मध्येच व्होल्टेज पडले तर ईसीयू निकामी होऊ शकतो.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना मात्र घरी हात लावूच नये. तिथे मल्टिमीटरचा किरकोळ प्रवाहही धोक्याचा ठरू शकतो.