रोजचा ताण अंगात मुरण्याआधी कसा ओळखावा आणि कसा उतरवावा

संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत दुचाकीवर अडकला असाल, तर एकदा स्वतःच्या हातांकडे पाहावे. वाहन जागचे हलत नसते, तरी हँडलवरची मूठ आवळलेली असते, खांदे वर चढलेले असतात आणि दातांवर दात घट्ट बसलेले असतात; कारण अंबडच्या कारखान्यात दुपारी झालेला वाद शरीराच्या लेखी अजून मिटलेला नसतो. ताण हाताळण्याची सुरुवात इथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. मनाला ‘शांत हो’ म्हणून ते ऐकत नाही, मूठ मात्र सांगितल्याबरोबर सैल करता येते.

संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात, त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात आणि पचन मंदावते. क्षणभराच्या संकटात ही तयारी उपयोगी पडते. परंतु दिवसातून अनेकदा ती होत राहिली आणि अंगाला सैलावण्याची उसंतच मिळाली नाही, तर डोकेदुखी, अपुरी झोप आणि चिडचिड मागे लागते.

म्हणून प्रथम आठवडाभर एक छोटी वही जवळ बाळगावी. अंग ताठरल्याचे जाणवेल तेव्हा वेळ, ठिकाण आणि शरीरात काय झाले एवढेच लिहावे; कारणांची चिकित्सा तूर्त करू नये. मी स्वतः कामाच्या बोजाला दोष देत होतो. वही पाहिली, तर निम्म्याहून अधिक नोंदी रात्री साडेनऊनंतरच्या निघाल्या, म्हणजे कामाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येण्याच्या वेळेच्या. त्या गटाचा आवाज रात्रीपुरता बंद केल्यावर जो फरक पडला, तो रजा घेऊनही पडला नव्हता.

नोंद झाली की लगेच श्वासाकडे वळावे. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा ते आठ अंक मोजत सावकाश सोडावा. उच्छ्वास लांबला की व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके मंदावतात, त्यामुळे सोडण्याची क्रिया घेण्यापेक्षा लांब ठेवणे यातच या कृतीचे सारे मर्म आहे. श्वास कोंडू नये, गरगरल्यास थांबावे. रात्री अंथरुणावर याला स्नायूंच्या शिथिलीकरणाची जोड द्यावी. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीच्या आज रूढ असलेल्या सोप्या रूपात पायांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायूगट पाचेक सेकंद आवळून सोडायचा असतो. आवळणे आणि सैल होणे यांतला फरक अंगाला एकदा कळला, की दिवसाही मूठ कधी आवळली हे ध्यानात येऊ लागते.

पुढची पायरी सर्वांत अवघड आहे. निफाड किंवा दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार बाग फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आले की दर दहा मिनिटांनी मोबाईलवर हवामान पाहतो. पाऊस त्याच्या हातात नसतो. डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठीची फवारणी, पाण्याचा निचरा आणि विम्याची कागदपत्रे मात्र असतात. आपणही कागदावर उभी रेघ ओढून हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे करावे, हातातल्यापैकी एक काम त्याच दिवशी उरकावे आणि हवामानासारख्या हाताबाहेरच्या गोष्टी पाहण्याच्या सकाळ-संध्याकाळ अशा दोनच वेळा ठरवाव्यात.

चालणे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोदाकाठ जवळ असेल, तर पाच दिवस अर्धा तास पुरतो. चहाचेही भान ठेवावे. कॅफिनचा निम्मा अंश उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून झोप लागत नसेल तर संध्याकाळचा चहा आधी बंद करावा.

छातीत दुखणे किंवा धाप लागणे ताणाच्या खात्यावर टाकू नये, तातडीने डॉक्टरांकडे जावे. दोन आठवडे झोप, भूक किंवा काम बिघडलेलेच राहिले, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध आहे, तिथे मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. फोन करताना ती वही जवळ ठेवावी, म्हणजे काय होते आणि केव्हापासून होते हे सांगताना अडखळायला होत नाही.