सांगलीत भाड्यानं द्यायला घर घेताय? आधी पाणी कुठपर्यंत आलेलं ते विचारा

सांगली-मिरजेत जुनं घर घ्यायचं, नीट करायचं आणि भाड्यानं द्यायचं असं डोक्यात असेल तर रेट विचारायच्या आधी एक गोष्ट विचारा, २०१९ ला इथं पुराचं पाणी कुठपर्यंत आलेलं. एजंटला नको, शेजारच्या किराणा दुकानात विचारा, ते भिंतीवर हात लावून दाखवतात. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. २००५ आणि २०२१ चंही विचारा. गावभाग, सांगलीवाडी, शामरावनगर इकडं घर स्वस्त मिळत असेल तर बहुतेक कारण हेच असतं, म्हणून घ्यायचंच नाही असं नाही पण किंमत त्या हिशोबानं पाडून घ्या. आणि वरच्या मजल्याचा फ्लॅट म्हणून निवांत राहू नका, मीटर बोर्ड आणि पाण्याची टाकी खाली पार्किंगमध्येच असते, ती बुडाली की चौथ्या मजल्यावर पण लाईट नाही आणि पाणी नाही.

कागदपत्रं वकिलाकडून बघून घ्या, तीस वर्षांचा सर्च (आधीचे मालक कोण, बोजा आहे का याचा शोध), प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, घरपट्टीची थकबाकी. गुंठेवारीतली (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली) जागा असेल तर नियमितीकरणाचा दाखला बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, बँक तिथंच अडवते.

आता हिशोब, इथं लोक फार ढिले पडतात. समजा फ्लॅट २२ लाखाला ठरला. महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के म्हणजे १ लाख ३२ हजार, रजिस्ट्रेशन १ टक्का म्हणजे २२ हजार, वर दुरुस्तीचे २ लाख धरा, झाले साडेपंचवीस लाख. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटीत १ टक्का सूट आहे, इथंच २२ हजार वाचतात.) भाडं ८ हजार आलं, वर्षात एक महिना घर रिकामं गेलं, घरपट्टी आणि मेंटेनन्सला १८ हजार गेले, तर हातात ७० हजार, म्हणजे पावणेतीन टक्के. एवढ्यावर कर्जाचा हप्ता निघत नाही, त्यामुळं भाड्यातून ईएमआय फिटेल असं कुणी सांगितलं तर त्याला आधी हा हिशोब मांडायला लावा. म्हणून जिथं घर रिकामं पडत नाही तिथंच बघा, विश्रामबागला कॉलेजची पोरं, मिरजेत दवाखान्यातला स्टाफ, कुपवाडला एमआयडीसीतले कामगार.

दुरुस्तीत पीओपी, महागडा रंग असलं काही नको. आधी बाथरूमचं लीकेज आणि टेरेसचं वॉटरप्रूफिंग, मग वायरिंग, मग नळ. पुरात बुडालेल्या भिंतीला नुसती पुट्टी मारून रंग दिला की पावसाळ्यात पोपडे सुटतातच, तिथं पाणी जिथपर्यंत चढलेलं त्याच्या वर फूटभरापर्यंत सगळं प्लास्टर फोडा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि मगच नवीन करा, गवंडी घाई करेल पण ऐकू नका. तळमजल्यावर प्लायचं फर्निचर करूच नका, किचनला कडाप्प्याचे कप्पे, बोर्ड आणि स्विच जमेल तेवढे वर.

भाडेकरू ओळखीचा असला तरी करार रजिस्टर करायचाच, ११ महिन्यांचा असला तरी. कायद्यानं ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नाही केला तर वाद झाल्यावर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच आधी खऱ्या धरल्या जातात. ८ हजार भाडं आणि २५ हजार डिपॉझिटवर ११ महिन्यांची स्टॅम्प ड्युटी सव्वादोनशेच्या आसपास येते, रजिस्ट्रेशन १ हजार, एजंटची फी वेगळी, एवढ्यासाठी कशाला धोका घ्यायचा. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या, आणि चावी देताना मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सॲपवर ठेवा.