आयरिश पूर्वजांचा शोध: जुने ऑनलाइन नकाशे वाचताना या चुका टाळा

जुन्या कागदात ‘क्वीन्सटाउन’ दिसलं की अनेकजण त्याच गावाचा नकाशा उघडतात आणि तिथेच अडकतात. क्वीन्सटाउन म्हणजे आजचं कोव्ह. १८४९ ते १९२० या काळात ते नाव होतं. तिथल्या बंदरातून असंख्य कुटुंबं अमेरिकेला गेली, म्हणून जहाजाच्या कागदांत ते सतत भेटतं. पण ते निघण्याचं ठिकाण; जन्मगाव दुसरंच असू शकतं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. किंग्ज काउंटी आज ऑफली झाली आहे आणि क्वीन्स काउंटी लीश, हेही लक्षात असू द्या.

खरं शोधायचं ते टाउनलँड. हा जमिनीचा सर्वांत लहान, नाव असलेला विभाग. असे साठ हजारांहून जास्त आहेत आणि कित्येकांत चार-दोन घरंच असतात. सातबारा काढताना गट नंबर लागतो, तसं इथे टाउनलँडशिवाय पान हलत नाही. किलमोर, बॅलीबेग अशी नावं मात्र अनेक काउंट्यांत आहेत. पहिलं सापडलेलं किलमोर आपलंच मानू नका. काउंटी, बॅरनी (काउंटीचा उपविभाग) आणि सिव्हिल पॅरिश (टाउनलँडांचा प्रशासकीय गट) जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्पेलिंगवरही अडून बसू नका. आज दिसणारी इंग्रजी रूपं बरीचशी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याच्या १८३० च्या दशकातल्या सर्वेक्षणात, भाषातज्ज्ञ जॉन ओडोनोव्हन यांच्या कामातून पक्की झाली. त्याआधीच्या कागदांत तेच नाव वेगळं लिहिलेलं असतं. ‘लॉगअनिम’ या स्थलनामांच्या संकेतस्थळावर अशी जुनी रूपं पाहता येतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे नकाशाचं साल न पाहणं. ऑर्डनन्स सर्व्हेचा पहिला सहा इंची नकाशा, म्हणजे मैलाला सहा इंच, १८४२ पर्यंत मोजून झाला होता. तो महादुष्काळाच्या आधीचा आयर्लंड दाखवतो. पंचवीस इंची, म्हणजे मैलाला पंचवीस इंच, नकाशे १८८८ ते १९१३ मधले. या दोन्हींच्या मध्ये बटाट्याचं पीक बुडालं, माणसं मेली, देशोधडीला लागली. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. त्यामुळे पहिल्या नकाशावर दाटीने उभी असलेली घरं नंतरच्या नकाशात नसतील, तर जागा चुकली असा निष्कर्ष काढू नका. ती वस्तीच उठली असेल. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहा. माझ्या मते या साऱ्या शोधातलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे.

ग्रिफिथ व्हॅल्युएशन, म्हणजे करआकारणीसाठी केलेली जमीन आणि घरांच्या मूल्यांकनाची यादी, १८४७ ते १८६४ मधलं. यादीत नावासमोर ‘3 A a’ सारखा क्रमांक असतो, तो नकाशावरच्या जमिनीचा. मोठं (कॅपिटल) इंग्रजी अक्षर त्याच माणसाच्या जमिनीचे वेगवेगळे तुकडे सांगतं, छोटं अक्षर घर. ‘आस्क अबाउट आयर्लंड’ या संकेतस्थळावर यादीसोबत नकाशे आहेत, पण बऱ्याच ठिकाणी ते नंतरच्या दुरुस्तीचे असल्याने क्रमांक जुळत नाहीत. अशा वेळी यादीतलं क्षेत्रफळ, शेजाऱ्यांची नावं आणि टाउनलँडची सीमा यांचा मेळ घाला. नकाशावर कुळांची नावं नसतात. ती यादीतूनच घ्यायची. यादीत नाव दिसलं म्हणजे तो जमिनीचा मालक होता असंही नाही, कारण जमीन किंवा घर भाड्याने देणाऱ्याचा वेगळा रकाना आहे.

बाप्तिस्म्याची नोंद शोधताना नकाशावरची सिव्हिल पॅरिश वापरली तर हाती काही लागेलच असं नाही. कॅथलिक चर्चच्या पॅरिशच्या सीमा बहुतेकदा वेगळ्या. आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर नोंदवह्यांसोबत त्यांचा नकाशा आहे. जन्मनोंदीतल्या जिल्ह्याचंही तसंच: तो पुअर लॉ युनियनवरून, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागावरून, ठरलेला असतो आणि काउंटीची सीमा ओलांडू शकतो. बॅलिनस्लो युनियन गॉलवे आणि रॉसकॉमन दोन्हींत पसरलेलं होतं.

पूर्वज आज उत्तर आयर्लंडमध्ये असलेल्या सहा काउंट्यांतले असतील, तर बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागाराचा ऐतिहासिक नकाशांचा दर्शक आणि तिथल्या मूल्यांकनाच्या दुरुस्ती-वह्या ऑनलाइन विनामूल्य पाहता येतात. या वह्यांत एका घराचा ताबा कोणाकडून कोणाकडे गेला, तेही वर्षासकट दिसतं.