थर्मल प्रिंटरवर मजकूर हवा तसा, हवा तिथे छापायचा तर एस्केप कमांड कशा द्यायच्या

पावती छापणारे बरेचसे थर्मल प्रिंटर एप्सनची इएससी/पीओएस भाषा समजतात. कमांड म्हणजे मजकुराच्या आधी पाठवलेले दोन-चार बाइट, बहुतेक वेळा २७ नाहीतर २९ ने सुरू होणारे. खाली सगळे आकडे दशमान आहेत.

प्रत्येक पावतीची सुरुवात २७ ६४ ने करा, कारण प्रिंटर मागची सेटिंग विसरत नाही, आधीच्या पावतीत बोल्ड चालू राहिलं असेल तर पुढची पण जाडच येणार आणि तुम्ही बसणार कोडमध्ये चूक शोधत.

बोल्ड चालू २७ ६९ १, बंद २७ ६९ ०. अंडरलाइनला २७ ४५ आणि पुढे १ किंवा ०. साइजसाठी २९ ३३ आणि मग एक आकडा: रुंदी दुप्पट १६, उंची दुप्पट १, दोन्ही दुप्पट १७, नॉर्मल ०. आता इथे लोक हमखास फसतात, १७ हा एक बाइट आहे, "१७" अशी अक्षरं नाहीत. अक्षरं पाठवलीत तर प्रिंटर पहिल्या अक्षराचा कोड ४९ धरतो, म्हणजे चौपट रुंदी नि दुप्पट उंची, आणि वर एक फालतू ७ छापून मोकळा होतो.

मधोमध आणायला २७ ९७ १, उजवीकडे २, डावीकडे ०. पण हे फक्त ओळीच्या सुरुवातीला चालतं, त्यामुळे एकाच ओळीत डावीकडे नाव आणि उजवीकडे रक्कम हवी असेल तर याचा उपयोग नाही. मग लोक स्पेस मोजत बसतात, आणि फॉन्ट बदलला की सगळं वाकडं. त्यापेक्षा २७ ३६ वापरा, हिच्यापुढे दोन बाइट लागतात आणि ती डाव्या कडेपासून किती डॉटवर (म्हणजे प्रिंटरच्या ठिपक्यांवर) छापायचं ते सांगते.

८० मिमी कागदाच्या २०३ डीपीआय (इंचाला २०३ डॉट) प्रिंटरवर एका ओळीत साधारण ५७६ डॉट असतात आणि फॉन्ट ए चं, म्हणजे प्रिंटरच्या नेहमीच्या फॉन्टचं, एक अक्षर १२ डॉट रुंद. रक्कम ७ अक्षरांची असेल तर ८४ डॉट लागले, ५७६ वजा ८४ म्हणजे ४९२ पासून सुरू करायचं. ४९२ एका बाइटात मावत नाही म्हणून २५६ ने भागा, भागाकार १, बाकी २३६, आणि बाकी आधी पाठवायची: २७ ३६ २३६ १. झालं, रक्कम बरोब्बर उजव्या कडेला चिकटते. रुंदी दुप्पट केली असेल तर १२ च्या जागी २४ धरा. ५८ मिमीच्या प्रिंटरवर ५७६ च्या जागी बहुधा ३८४.

शेवटी २७ १०० ४ ने चार ओळी कागद पुढे घ्या, नाहीतर कटर शेवटची ओळच कापेल, आणि मग २९ ८६ ० ने कागद कापा.

हे बाइट जसेच्या तसे पोचले पाहिजेत. नेटवर्क प्रिंटर असेल तर थेट पोर्ट ९१०० वर पाठवा, विंडोजवर रॉ मोडमध्ये. ग्राफिक ड्रायव्हर मध्ये आला तर कमांडचा कचराच कागदावर उमटतो. आणि जुन्या डॉट मॅट्रिक्सवर हेच आकडे ठोकू नका, तिथे बोल्ड नुसत्या २७ ६९ ने चालू होतं आणि २७ ७० ने बंद.